वाचकांचे प्रश्न: जास्त प्रूफची बर्बन चाखताना

शंभराहून अधिक प्रूफच्या बर्बनविषयी, म्हणजे मुख्यतः मक्यापासून बनणाऱ्या अमेरिकी व्हिस्कीविषयी, आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न: १२५ प्रूफची बर्बन पहिल्यांदाच घेतली. नेहमीच्या व्हिस्कीसारखा घोट घेतला आणि तोंडात आग झाली. लोक व्हॅनिला, कॅरमेल म्हणतात ते काहीच सापडलं नाही. व्हिस्की वाईट आहे की माझं काही चुकतंय?

उत्तर: एवढ्यावरून व्हिस्कीबद्दल काहीच ठरवता येणार नाही. अमेरिकेत प्रूफचा आकडा म्हणजे अल्कोहोलच्या टक्केवारीची दुप्पट. १२५ प्रूफ म्हणजे ६२.५ टक्के. ४० टक्क्यांच्या व्हिस्कीचा जेवढा घोट घ्यायची सवय आहे तेवढाच इथे घेतला, तर दीडपटीहून जास्त अल्कोहोल एकदम जिभेवर येतं.

त्या आगीचं कारण समजून घेतलं की पुढचं सोपं जातं. तोंडातल्या चेतातंतूंवर टीआरपीव्ही१ नावाचा एक ग्राही असतो. मिरचीतलं कॅप्सेसिन त्यालाच चाळवतं. एरवी तो साधारण ४२ अंश सेल्सिअसच्या पुढे जागा होतो. अल्कोहोल लागलं की ही मर्यादा ३४ अंशांच्या आसपास उतरते, म्हणजे तोंडाच्या स्वतःच्या तापमानाच्याही खाली. मग तोंडाची नेहमीची ऊबसुद्धा मेंदूला चटका म्हणून कळते. ही जळजळ अल्कोहोलची आहे, व्हिस्कीच्या दर्जाची नाही. ती ओसरेपर्यंत चवीबद्दल मत बनवू नका.

आता पद्धत. खाली फुगीर आणि वर निमुळता होत जाणारा, ग्लेनकेर्नसारखा ग्लास घ्या. त्यात १५ ते २० मिलिलिटर ओता, जास्त नको, आणि दहा मिनिटं हात लावू नका. पृष्ठभागावरची तीव्र वाफ तेवढ्यात बरीच कमी होते. वाइनसारखा ग्लास गरगर फिरवू नका. त्याने वाफ पुन्हा उसळते आणि नाक बधिर होतं.

वास घेताना ग्लास आधी हनुवटीपाशी धरा, मग हळूहळू वर आणा. ओठ किंचित उघडे ठेवा, म्हणजे हवा तोंडातूनही आत जाते आणि नाकात वाफ साचत नाही. दीर्घ श्वास न ओढता दोन-तीन छोटे हुंगे घ्या आणि ग्लास बाजूला करा. नाकात टोचल्यासारखं झालं तर ग्लास फार जवळ आला आहे. अर्धा मिनिट साधी हवा घेऊन पुन्हा या. वासाला पाच मिनिटं दिली तरी ती वाया जात नाहीत. जास्त प्रूफच्या बर्बनमधलं निम्म्याहून अधिक काम नाकच करतं.

पहिला घोट दोन-तीन मिलिलिटरचा, फक्त जीभ ओली होण्यापुरता. हा घोट तोंडाला सरावण्यासाठी असतो, त्यावर काहीही लिहू नका. तो गिळून मिनिटभर थांबा, लाळ सुटू द्या. दुसरा घोट चार-पाच मिलिलिटरचा घ्या, पाच ते आठ सेकंद तोंडात ठेवा, जिभेच्या टोकाकडून कडांकडे, मग हिरड्यांपर्यंत फिरू द्या. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात व्हिस्की चघळल्यासारखी तोंडभर फिरवण्याची पद्धत आहे, तिला ‘केंटकी च्यू’ म्हणतात. ती चांगलीच आहे, पण १२० प्रूफच्या वरच्या व्हिस्कीला ती दुसऱ्या घोटापासून करावी. गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. व्हॅनिला, कॅरमेल, भाजलेलं लाकूड हे बहुतेकांना इथेच सापडतं, कारण तोंडातला गंध घशामागून नाकात चढतो. व्हिस्की तोंडात असताना तोंडाने हवा आत ओढू नका, ठसका लागतो आणि पुढची दहा मिनिटं जातात.

प्रश्न: पाणी घातलं तर व्हिस्कीचा अपमान होतो असं एक मित्र म्हणतो. दुसरा म्हणतो, थेंबभर पाण्याशिवाय वास उघडत नाही. किती घालायचं?

उत्तर: पाणी घालाच, पण मोजून. बाटलीतली ताकद व्हिस्की बनवणाऱ्याने निवडलेली असते, म्हणून पहिली चव बिनपाण्याची घ्यावी. त्यानंतर पाणी हे परीक्षेचं साधन आहे. बॅरल प्रूफ, म्हणजे पिंपातल्या ताकदीलाच भरलेल्या, बाटलीचा मोठा फायदा हाच की तीच व्हिस्की तीन-चार वेगवेगळ्या ताकदींना तपासता येते. ४० टक्क्यांवर आणून भरलेल्या बाटलीत ती सोय उरत नाही.

हिशोब असा. हातातल्या टक्केवारीला हव्या त्या टक्केवारीने भागा, त्यातून एक वजा करा आणि उरलेल्याला ग्लासातल्या मिलिलिटरने गुणा. ग्लासात ६२.५ टक्क्यांची २० मिलिलिटर व्हिस्की आहे असं धरू. ५५ टक्क्यांवर आणायला २.७ मिलिलिटर पाणी लागतं, ५० वर ५, आणि ४५ वर ७.८. हे आकडे मूळ २० मिलिलिटरवरचे एकूण पाण्याचे आहेत. मध्ये घोट घेतला असेल तर उरलेल्या व्हिस्कीवर आणि तेव्हाच्या टक्केवारीवर हिशोब नव्याने करा. पाणी आणि अल्कोहोल मिसळल्यावर एकूण आकारमान थोडं आकसतं, त्यामुळे खरी टक्केवारी या हिशोबापेक्षा किंचित वर राहते. ग्लासाच्या मापाला तो फरक सोडून दिला तरी चालतो.

चमच्याने अंदाज घेऊ नका. सुई नसलेली ५ मिलिलिटरची सिरिंज वापरा. ड्रॉपर असेल तर एका मिलिलिटरमध्ये त्याचे किती थेंब बसतात ते आधी मोजून ठेवा, प्रत्येक ड्रॉपरचा थेंब वेगळा असतो. पाणी खोलीच्या तापमानाचं, कमी क्षारांचं आणि क्लोरीनचा वास नसलेलं हवं. क्लोरीनचा वास बर्बनमधल्या फळांच्या वासावर बसतो आणि दोष व्हिस्कीला दिला जातो.

पाणी घातल्याबरोबर चाखू नका. पाणी आणि अल्कोहोल मिसळताना थोडी उष्णता निघते, द्रव क्षणभर कोमट होतो आणि वाफ वाढते. तीन ते पाच मिनिटं थांबा. वास उघडण्यामागचं कारण रेणूंच्या मांडणीत आहे. स्वीडनमधल्या लिनेयस विद्यापीठातल्या ब्यॉर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रारूपावर दाखवलं की अल्कोहोल ४५ टक्क्यांपर्यंत असताना ग्वायकॉल हा धुरकट वासाचा रेणू पृष्ठभागाजवळ राहतो आणि ५९ टक्क्यांच्या वर तो अल्कोहोलच्या वेढ्यात द्रवाच्या आत ओढला जातो. अभ्यास एका रेणूपुरता होता, सगळ्या गंधांना तो लावू नये. पण बर्बनच्या पिंपाची आतली बाजू जाळलेली असते आणि त्या जळक्या लाकडातूनही ग्वायकॉल येतं, म्हणून तो इथे गैरलागू नाही.

पाणी घातल्यावर व्हिस्की जराशी गढूळ झाली तर घाबरू नका. थंड करून गाळलेली नसेल तर तिच्यात लांब साखळीची मेदाम्लं आणि त्यांची एस्टर्स शिल्लक असतात. अल्कोहोल साधारण ४६ टक्क्यांच्या खाली गेलं की ती विरघळलेली राहत नाहीत. हेच घटक तोंडात दाटपणा देतात. गढूळपणा हे चांगलं लक्षण मानावं असं आमचं मत आहे.

प्रश्न: मग पाण्याऐवजी बर्फ?

उत्तर: प्यायला हवा तर घ्या. परीक्षेला नको. थंडीत गंध उडत नाहीत आणि लाकडाचा तुरटपणा मात्र पुढे येतो. शिवाय बर्फ वितळत असताना कितव्या टक्क्यावर चव घेतली हे कळत नाही. १८ ते २२ अंश ठीक.

प्रश्न: बॅरल प्रूफ, कास्क स्ट्रेंग्थ, फुल प्रूफ, बॉटल्ड इन बाँड, स्मॉल बॅच. यातला कोणता शब्द खरं काही सांगतो?

उत्तर: आधी बर्बनचा कायदा पाहू. धान्याच्या मिश्रणात किमान ५१ टक्के मका. ऊर्ध्वपातन जास्तीत जास्त १६० प्रूफपर्यंत. नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपात १२५ प्रूफच्या वर न जाता भरणं. बाटलीत किमान ८० प्रूफ. पाण्याखेरीज काही मिसळायचं नाही, रंगही नाही. स्ट्रेट बर्बन म्हणायचं तर किमान दोन वर्षं मुरवायची, आणि चार वर्षांहून कमी असेल तर वय लेबलवर छापायचं.

बॉटल्ड इन बाँड हा यादीतला सर्वांत भक्कम शब्द आहे. १८९७ च्या कायद्यानुसार अशी व्हिस्की एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामातली, सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान चार वर्षं मुरलेली आणि बरोबर १०० प्रूफला भरलेली असते. जास्त प्रूफकडे वळणाऱ्याने सुरुवात इथून करावी. ५० टक्के ही ताकद शिकायला फार चांगली आहे.

बॅरल प्रूफ आणि कास्क स्ट्रेंग्थ एकच. पिंपं रिकामी करताना जे प्रूफ होतं त्याहून बाटलीतलं प्रूफ दोन अंशांपेक्षा जास्त खाली नसावं, असा अमेरिकेतला नियम आहे. फुल प्रूफचा अर्थ सहसा वेगळा असतो, पिंपात भरताना जेवढं प्रूफ होतं तेवढ्यावर आणून भरलेली. वेलर फुल प्रूफ ११४ ला आणि १७९२ फुल प्रूफ १२५ ला भरतात ते यामुळे. स्मॉल बॅचला कायद्यात व्याख्याच नाही.

एलायजा क्रेग बॅरल प्रूफवर ए१२३ असा संकेत दिसतो. अक्षर म्हणजे त्या वर्षातली कितवी खेप, मधला आकडा महिना, शेवटचे दोन आकडे वर्ष. म्हणजे २०२३ ची पहिली खेप, जानेवारीतली. बॅरल प्रूफ व्हिस्कीचं प्रूफ खेपेगणिक बदलतं, त्यामुळे कुणाचंही परीक्षण वाचताना खेप आधी जुळवून पाहा.

प्रश्न: कायद्यानुसार पिंपात १२५ च्या वर भरता येत नाही, मग १३५ किंवा १४० प्रूफच्या बाटल्या येतात कुठून?

उत्तर: पिंपातूनच. केंटकीतली गोदामं अनेक मजली असतात आणि बहुतेकांत तापमान आवरण्याची सोय नसते. उन्हाळ्यात वरचे मजले तापतात आणि हवा कोरडी राहते. पाण्याचा रेणू अल्कोहोलच्या रेणूहून लहान, तो लाकडातून जास्त वेगाने निघून जातो, आणि मागे राहिलेल्या द्रवातलं अल्कोहोलचं प्रमाण वाढतं. खालच्या थंड, दमट मजल्यावर उलटंही होतं. स्कॉटलंडच्या थंड, दमट हवेत प्रूफ सहसा उतरतं, म्हणून स्कॉच आणि बर्बनची तुलना या मुद्द्यावर करू नये.

पिंपात किती प्रूफला भरली हे चाखणाऱ्याला फार उपयोगी पडतं. १९६२ पर्यंत कमाल मर्यादा ११० होती, नंतर ती १२५ झाली. मेकर्स मार्क आजही ११० ला भरते, वाइल्ड टर्की ११५ ला, हेवन हिल १२५ ला. भरताना पाणी जास्त असेल तर लाकडातल्या पाण्यात विरघळणाऱ्या शर्करा जास्त उतरतात, आणि शेवटी बाटलीत नंतर मिसळलेलं पाणी कमी असतं. वाइल्ड टर्की रेअर ब्रीड ११६.८ प्रूफला मिळते आणि बिनपाण्याची असते. १३० प्रूफच्या बाटलीसमोर ती मवाळ, म्हणून कमअस्सल, असा निष्कर्ष काढणं साफ चूक आहे.

१४० प्रूफच्या, म्हणजे ७० टक्क्यांच्या वर गेलेल्या बाटल्यांना अमेरिकेत शौकीन ‘हॅझमॅट’ म्हणतात. एवढ्या ताकदीची दारू अमेरिकी विमानप्रवासात हातातल्या किंवा जमा केलेल्या, कुठल्याच सामानात नेता येत नाही. चवीच्या दृष्टीने त्या आकड्याला काही महत्त्व नाही.

प्रश्न: चांगली आणि वाईट हे नेमकं कसं ठरवायचं? मला सगळ्याच जहाल लागतात.

उत्तर: या सदरातला आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हा. प्रूफ म्हणजे चव नव्हे, चव किती दाट आहे त्याचं एक माप. म्हणून आधी एवढंच शोधायचं की जहालपणा दाटपणाचा आहे की कच्चेपणाचा.

ग्लासात व्हिस्की ४५ टक्क्यांवर आणा आणि पाच मिनिटांनी चाखा. तीनपैकी एक गोष्ट घडते. जळजळ निघून गेली आणि गोडवा, फळं, लाकूड वेगवेगळं दिसू लागलं, तर व्हिस्की उत्तम होती, फक्त दाट होती. जळजळ कमी होऊनही घशात आणि नाकात टोचणं राहिलं, ओल्या पिठाचा किंवा हिरव्या सफरचंदाचा उग्र वास येत राहिला, तर ती कोवळी आहे. ऊर्ध्वपातनात आधीचा भाग नीट वेगळा न काढल्यानेही असं होतं. आणि पाणी घातल्यावर सगळंच कोसळलं, जिभेवर पातळ पाण्याखेरीज काही उरलं नाही, तर अल्कोहोल चवीची जागा भरत होतं. तिसऱ्या प्रकारच्या बाटल्या बिनपाण्याच्या चाखल्यावर भल्याभल्यांना फसवतात, आणि मोठ्या प्रूफच्या आकड्यावर सर्वांत महाग विकल्या जातात त्यांतही त्या असतात.

मग बारकावे. कोणता वास कुठून आला हे माहीत असलं की नोंद नेमकी होते. व्हॅनिला लाकडातल्या लिग्निनपासून येतो, कॅरमेल आणि भाजल्या साखरेचा वास हेमिसेल्युलोजच्या शर्करांपासून, नारळाचा वास ओक लॅक्टोनचा, लवंगेचा युजेनॉलचा. केळं आणि इतर फळं बहुतांशी आंबवणातल्या एस्टर्सची. मिरीसारखा चुरचुरीतपणा मिश्रणात राय हे धान्य जास्त असल्याने येतो. रायच्या जागी गहू असेल, जसा मेकर्स मार्क कास्क स्ट्रेंग्थमध्ये किंवा लार्सनी बॅरल प्रूफमध्ये, तर तेवढ्याच प्रूफला ती मऊ वाटते. म्हणून गव्हाची आणि रायची बाटली शेजारी ठेवून ‘ही कमी जळते म्हणून चांगली’ असं म्हणू नका.

जुन्या व्हिस्कीतला दोष उलट बाजूचा. नव्या जाळलेल्या ओकमध्ये फार वर्षं राहिलेली बर्बन टॅनिनने, म्हणजे लाकडातल्या तुरट द्रव्याने, भरते आणि जास्त उकळलेल्या कोऱ्या चहासारखी हिरड्यांना ओढते. थोडा तुरटपणा गोडव्याला आधार देतो. पण गिळल्यावर गोड काहीच उरलं नाही आणि कडवट कोरडेपणाच मिनिटभर टिकला, तर पिंप उशिरा रिकामं झालं. हा शेवट, म्हणजे गिळल्यावर मागे राहणारी चव, लांब असतो म्हणून काही परीक्षक त्याला गुण देतात. शेवट किती लांबला यापेक्षा त्यात काय टिकलं ते पाहावं.

नेल पॉलिश रिमूव्हरसारखा वास म्हणजे इथाइल ॲसिटेट. अगदी थोडं असेल तर फळासारखं वाटतं आणि पंधरा मिनिटांत मागे सरतं. अर्ध्या तासानेही तेच पुढे असेल तर दोष धरा. ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट वास बहुधा बुचाचा असतो, दुसरी बाटली पाहिल्याशिवाय व्हिस्कीला नापास करू नका.

रंगाबद्दल एक गोष्ट. स्ट्रेट बर्बनमध्ये रंग मिसळता येत नाही, म्हणून गडद रंग खरोखर लाकडातून आलेला असतो. मात्र बॅरल प्रूफ व्हिस्की पाणी न मिसळल्यामुळेही गडद दिसते. दोन बाटल्यांचा रंग ताडायचा तर दोन्ही एकाच टक्केवारीवर आणून मगच.

प्रश्न: आम्ही पाच-सहा जण मिळून सहा बॅरल प्रूफ बाटल्यांची तुलना करणार आहोत. क्रम आणि गुणांची पद्धत सांगा.

उत्तर: सहा जास्त होतात, चार ठेवा. १२० प्रूफच्या वरच्या तीन-चार नमुन्यांनंतर जीभ आणि नाक दोन्ही थकतात आणि शेवटचा नमुना अकारण मार खातो. अल्कोहोलचा हिशोबही पाहा. १५ मिलिलिटरचे चार नमुने ६० टक्क्यांचे असतील तर शुद्ध अल्कोहोल सुमारे २८ ग्रॅम होतं, म्हणजे अमेरिकेत एक प्रमाणित पेय म्हणून धरलेल्या १४ ग्रॅमच्या दुप्पट. थुंकायला भांडं ठेवा. व्यावसायिक चाखणारे थुंकतातच, चवीचं मूल्यमापन त्याने अडत नाही. घरी परतताना कुणीही गाडी चालवायची नाही.

बाटल्या न चाखणाऱ्या एकाने ओताव्यात आणि ग्लासांना अक्षरं द्यावीत. क्रम कमी प्रूफकडून जास्तीकडे, आणि प्रूफ जवळपास सारखं असेल तर गव्हाची आधी, रायची नंतर. दोन नमुन्यांत दहा मिनिटं, साधं पाणी आणि बिनमिठाचं साधं बिस्किट. अत्तर, हातावरचा साबण, मेणबत्ती हे त्या खोलीत नको. मेणबत्ती तर वासापलीकडेही धोक्याची, ६० टक्क्यांच्या व्हिस्कीची वाफ उबदार खोलीतही पेट घेऊ शकते.

फेऱ्या दोन करा. पहिली बाटलीतल्या ताकदीला, दुसरी सगळे ग्लास ५० टक्क्यांवर आणून. क्रमवारी दोन्हींत सारखी क्वचितच येते, आणि जो नमुना दुसऱ्या फेरीत वर चढतो त्याकडे नीट लक्ष द्या. गुणांची विभागणी आम्ही वासाला ३०, तोंडातल्या चवीला ३०, शेवटाला २० आणि समतोलाला २० अशी सुचवू. प्रूफला स्वतंत्र गुण नकोत. आधी शब्द लिहा, मग आकडा. आकडा आधी लिहिला की शब्द त्याला साजेसे शोधले जातात.

प्रश्न: नवी बाटली उघडल्यावर पहिल्या दिवशी उग्र लागली, महिनाभराने चांगली झाली. आता पाव उरली आहे तर फिकी वाटते. हे मनाचे खेळ आहेत का?

उत्तर: पहिल्या भागात सवयीचा वाटा असू शकतो, कारण महिनाभरात तुमचीही जीभ सरावते. पण बाटलीत हवा शिरल्यावर उडून जाणारे घटक थोडे कमी होतात आणि हळूहळू ऑक्सिडीकरण सुरू होतं, हेही खरं. म्हणून बाटली उघडल्या दिवशी अंतिम मत लिहू नका, आठवड्याभराने पुन्हा चाखा. बाटली एक तृतीयांशाच्या खाली गेली की उरलेली व्हिस्की काचेच्या छोट्या बाटलीत काठोकाठ भरून घट्ट झाकण लावा. उभी ठेवा, आडवी नको, एवढ्या ताकदीचं अल्कोहोल बूच खातं आणि त्याचा वास आत उतरतो. ऊन लागू देऊ नका. छोट्या बाटलीवर नाव, खेप, प्रूफ आणि भरल्याची तारीख लिहून ठेवा.